नगरसेवक साहेब आले होते!

आज रविवार, दुपारी जेवून जरा आडवा झालो तेवढ्यात खाली ढोल-ताशा सुरू, म्हटलं आता कोण, तर आमचे माजी नगरसेवक, विधानसभेला उभे आहेत ना. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान. २०१७ ला चार जणांच्या पॅनलमधून निवडून आलेले, मार्च २०२२ ला मुदत संपली आणि तेव्हापासून महापालिकेत प्रशासक, त्यामुळे हा माणूस अडीच वर्षं "माजी" लावूनच फिरतोय बिचारा.

बायकांनी ओवाळलं वगैरे, मग आमच्या शेजारच्या काकू पुढे आल्या आणि डायरेक्ट विचारलं, अहो गेटसमोरचं चेंबर कधी दुरुस्त करणार? साहेब हसले, म्हणाले काकू, आता ते माझ्या हातात नाही, प्रशासक बघतात. काकू म्हणे, मग आमदार झाल्यावर तरी हातात येईल का? 😂 ढोलवाला पण हसला.

खरं सांगायचं तर चेंबर हे आमदाराचं काम नाहीच, तिकडे कायदे करायचे, बजेटवर बोलायचं. पण आपण विचारणार चेंबरच, आणि हे पण पत्रकात छापणार ड्रेनेज, बाकडी, पेव्हर ब्लॉक! दोन्हीकडून सारखंच चाललंय. तरी माणूस वाईट नाही हां, कोविडमध्ये रात्री दीड वाजता फोन उचलला होता त्याने, बाबांना बेड मिळवून दिला, ते मी विसरणार नाही.

मत कोणाला ते अजून ठरत नाहीये. झोप मात्र गेली ती गेलीच.