२९० की ५२५ ग्रॅम

रविवार, रात्री

लेन्सचं आज ठरवून टाकलं. सिग्माची १८-५० मिमी, एफ २.८ (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा लहान तितका उजेड जास्त).

माझ्या सोनी ए६४००वर सध्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० आहे. वजन ११६ ग्रॅम, मिटली की चपटी होते, पर्समध्ये पडून राहते. भर उन्हात, बडोद्यात सूरसागर तलावाच्या काठावर तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण माझा जीव रमतो तो कमी उजेडात. देवदिवाळीला संध्याकाळी नरसिंहजीचा वरघोडा (देवाची वरात) निघतो, मांडवीच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते, आणि दिव्यांच्या उजेडात म्हाताऱ्या बायकांचे चेहरे असे काही दिसतात की बघत राहावं. तो चेहरा जवळ घ्यायला ५० मिमीवर जावं तर ही लेन्स एफ ५.६वर येऊन थांबते. २.८ला चौपट उजेड आत येतो. म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४००च्या ऐवजी १६००, शटर तेच. फोटोतली कातडी कातडीसारखी दिसायला एवढा फरक फार मोठा आहे.

दादाचं म्हणणं टॅमरॉनची १७-७० घे. "तुझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, सिग्माच्या लेन्समध्येही नाही. हात हलला की संपलं." त्याचा मुद्दा खरा आहे. टॅमरॉनमध्ये ते आहे, २.८ आहे, वर ७० पर्यंत पोचते. पण ती ५२५ ग्रॅमची आणि कॅमेरा ४०३चा! सगळा भार पुढे. सिग्मा २९०. शिवाय स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, समोरून चालत येणारी माणसं नाही. त्यांच्यासाठी शटरच जलद हवं, आणि त्याला उजेड लागतो.

तांबेकर वाड्याचा प्रश्न मात्र वेगळा, तिथे मी बराच वेळ अडून बसले होते. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा, आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं. चित्रं हलत नाहीत, म्हणून तिथे स्टॅबिलायझेशन खरंच कामाचं. श्वास रोखून शटर लांबवता येतं. खोल्या लहान, मागे सरकायला भिंत आड येते, तेव्हा १६ आणि १८ मधला फरकही जाणवतो. फ्लॅशचा विचारसुद्धा करायचा नाही, आधीच त्या रंगांनी पुष्कळ सोसलंय. तेव्हा जुनी १६-५० विकायची नाही. तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे, आणि ११६ ग्रॅम जास्तीचे नेले तरी दोन्ही मिळून टॅमरॉनपेक्षा हलक्याच.

सिग्माची एक गोष्ट मला फार आवडली: १८ मिमीवर ती जेमतेम १२ सेंटिमीटरवरही फोकस करते. चित्रातला एखादा दागिना, पोपडा धरलेला रंग, लाकडावरचं बारीक कोरीवकाम, सगळं वेगळ्या मॅक्रो लेन्सशिवाय टिपता येईल.

दुकानात माझाच कॅमेरा नेणार आहे. भिंतीवर वर्तमानपत्र सरळ चिकटवून २.८वर फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघायची. एखादाच कोपरा मऊ, म्हणजे धूसर, आला तर तो नग परत, दुसरा मागायचा. लेन्सच्या तोंडावर बसणारा ५५ मिमीचा फिल्टर तिथेच बघून घेईन.