पाणी कडकडीत, धार मात्र करंगळीएवढी: जुन्या गिझरचा माझा अनुभव

आमचा गिझर जुना असला तरी पाणी कडकडीत तापवतो. फक्त गरम पाण्याची धार बारीक होत होत अशी झाली की बादली लावून दुसरी कामं उरकून यावं, तरी ती अर्धीच भरलेली.

थंड पाणी सगळीकडे जोरात आणि गरम पाणी सगळीकडे हळू, म्हणजे दोष एखाद्या नळाचा नाही आणि वरच्या टाकीच्या प्रेशरचाही नाही. इथवर डोकं लावायची गरजच पडली नाही.

कटकट सुरू झाली ती कंपनीच्या सेवा केंद्रापासून. तक्रार नोंदवायची तर पर्याय ठरलेले: पाणी तापत नाही, गळती आहे, शॉक लागतो. धार कमी येते असं काही त्यांच्या यादीत नाहीच! फोनवरच्या मुलीने "तापत नाही" असं नोंदवून टाकलं. मेकॅनिक आला, धारेखाली बोट धरलं आणि म्हणाला, "ताई, तापतंय की! ओटीपी सांगा." ओटीपी सांगितला की त्यांच्या दृष्टीने तक्रार निकाली, म्हणून मी सांगितला नाही. मग त्याचा सूर बदलला. "हे प्लंबिंगचं काम, आमच्याकडे येत नाही. नाहीतर नवीनच घ्या, किती दिवस हा चालवणार?"

प्लंबरला बोलावलं, तर तो गिझरला हात लावेना. "माझ्या हातून काही फुटलं तर कंपनी अंग काढून घेईल. आधी त्यांचा माणूस येऊ दे." पुन्हा फोन, पुन्हा तेच पर्याय. आधीची तक्रार उघडीच असल्याने नवी घेता येत नाही, आणि उघडी आहे ती "तापत नाही" या नावाने! मी इतकी वैतागले की शेवटी लेखी मेल टाकला: पाणी तापतं, प्रवाह कमी आहे, मेकॅनिक आणि प्लंबर एकाच वेळी समोर हवेत. त्यावरही आधी ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. मग तक्रार क्रमांक लिहून वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा म्हटलं, तेव्हा कुठे हालचाल झाली.

दोघं एकत्र आल्यावर काम अगदी किरकोळ निघालं. वीज बंद केली, पाणी निवू दिलं. इनलेटची, म्हणजे थंड पाणी आत नेणारी नळी सोडून बादलीत धरली तर धार जोरात. ती परत जोडून आउटलेटची, म्हणजे गरम पाणी बाहेर आणणारी सोडली तर तीच रडतखडत. म्हणजे अडथळा या दोहोंच्या मध्ये. इनलेटच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेत, थोडा कचरा होता. मुख्य गुन्हेगार आउटलेटचा बोटभर लोखंडी निपल, म्हणजे गिझर आणि नळी जोडणारा पाइपचा तुकडा. आतून तांबूस गंज, त्यावर पांढरट खडबडीत थर, आणि मधलं भोक इतकं की पेन्सिलीचं शिसंही अडखळावं. तो निपल कंपनीचा की प्लंबरचा, एवढ्यावरच सगळं अडलं होतं.

क्षाराचं पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून चिकटतो, आणि ६० अंश सेल्सियसच्या वर हे फार झपाट्याने होतं. म्हणून गरम बाजूच आधी बुजते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारा खटका, मी ६० च्या आसपास ठेवलाय. फार खालीही नको, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. तापताना तडतड आवाज येत असेल तर कॉइलवरही थर आहे असं धरून चाला.

गिझर उघडलाच होता, तर अ‍ॅनोड रॉडही बघायला लावला. मॅग्नेशियम झिजून आतली तार उरली होती. गिझरच्या आतल्या टाकीऐवजी हा रॉड गंजतो, तेवढंच त्याचं काम. पण तो बदलावा लागतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. टाकीच गळत असेल तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

हो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडे थेंब पडले तर घाबरू नका. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ७० वर गेलं की साधारण अर्धा लिटर फुगतं, ते कुठेतरी जाणारच. ती वाट कुणालाही बंद करू देऊ नका. पाण्याने पूर्ण भरेपर्यंत गिझर सुरू करायचा नाही, कोरड्यात कॉइल जळते. आणि काम झाल्यावर नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून धुवा. सुटलेले क्षाराचे तुकडे तिथेच जाऊन बसतात. आमची धार सुधारली आणि दुसऱ्याच दिवशी शॉवर तुंबला, तो यामुळेच.