अंजिराची छाटणी राहिली ते वर्ष

२०२५ च्या घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. दक्षिण आफ्रिकेतला एक उपदेशक सांगत होता, की येशूने दर्शन देऊन त्याला २३ आणि २४ सप्टेंबर या तारखा दिल्यात. येशू परत येणार आणि विश्वासणारे जिवंतपणीच वर स्वर्गात उचलले जाणार. खाली दोन-चार ‘आमेन’, जोडलेले हात, आणि क्वायरमधल्या एका पोराचा प्रश्न : रविवारची प्रॅक्टिस आहे ना? मी काही लिहिलं नाही. मला अंजिराच्या चिकाचा वास आला.

१९८८ साली मी सहावीत होतो आणि पुरंदर तालुक्यात काकांकडे राहून शिकत होतो. काकांची अंजिराची बाग होती. त्या पावसाळ्यात गावात संजीवन सभा झाल्या. बाहेरून आलेल्या प्रचारकाने मांडवात कापडी तक्ता टांगला : बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला पुतळा, डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड-मातीची. आम्हा पोरांचं लक्ष त्या पावलांवरच, कारण चित्रकाराने एका पायाला सहा बोटं काढली होती. सभा संपल्यावर काकांना सायक्लोस्टाइल केलेले काही कागद मिळाले, आणि तिथून घरातलं वातावरण बदललं.

कागदांचं मूळ अमेरिकेत होतं, हे मला फार उशिरा कळलं. एडगर व्हिझनंट नावाच्या, पूर्वी नासात इंजिनियर असलेल्या गृहस्थाने १९८८ मध्येच विश्वासणारे उचलले जाणार याची ८८ कारणं छापली होती. पुस्तिकेच्या लाखो प्रती खपल्या आणि पाळकांना तर फुकट टपालाने गेल्या. गणित दिसायला सोपं. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू म्हणतो, अंजिराच्या झाडावरून शिका. डहाळी कोवळी होऊन पानं फुटली की उन्हाळा जवळ आला समजा. आणि लगेच पुढे, हे सगळं पूर्ण होईपर्यंत ही पिढी जाणार नाही. आता अंजीर म्हणजे इस्राएल. इस्राएल देश झाला १४ मे १९४८ ला. पिढी चाळीस वर्षांची, कारण मिसरातून निघालेले इस्राएली लोक रानात चाळीस वर्षं भटकले. बेरीज करा. दिवस यहुद्यांच्या नववर्षाचा, रोश हशानाचा, कारण त्या सणाला शिंग फुंकतात आणि पौलाने थेस्सलनीकाकरांना देवाची तुतारी वाजेल असं लिहिलंय. ११ ते १३ सप्टेंबर.

त्याच अध्यायात चार ओळी खाली, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं लख्ख लिहिलंय. त्यावर व्हिझनंटचं उत्तर असं, की दिवस आणि घटका कळत नाही म्हटलंय. वर्ष आणि आठवडा कळत नाही असं कुठे म्हटलंय? वकिलाला लाजवेल असं आहे हे, पण काकांना ते पटलं.

काकूचा आक्षेप वेगळाच होता. “अहो, आपलं अंजीर आपण छाटू तेव्हा पालवतं. कुणी खट्टा बहार धरतं, कुणी मीठा. मग शेवट आपल्या कात्रीवर आला का?” काका हसले नाहीत. आमचा बहार मीठा. त्याची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळ शिमग्याच्या सुमारास चालू. काकांनी ठरवलेली माणसं परत पाठवली. फेब्रुवारीत जी फळं खायला आपण नसणार, त्यांच्यासाठी आत्ता मजुरी का भरायची?

तेराची रात्र मला नीट आठवते. रोश हशाना अमावास्येच्या लगेच नंतर येतो, त्यामुळे बाहेर काळोख मिट्ट. त्या आठवड्यात गणपती बसायचे होते. काका आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओसरीवर बायबल घेऊन बसलेले, समोर कंदील. मला झोपायला सांगितलेलं, पण झोपतो कसला! अकराच्या सुमारास वेशीकडून तुतारीचा लांब सूर आला. काका ताडकन उठले. कंदील लवंडला, काच फुटली. मग दुसरा सूर आला, जरा फाटका, आणि मागून ताशा. मंडळाच्या पोरांची मिरवणुकीची तालीम चालली होती.

काका खाली बसले आणि काचा वेचू लागले. काकूने आतून झाडू आणून दिला, बोलली काहीच नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

छाटणीला माणसं मिळेपर्यंत ऑक्टोबर सरला. बहार मागे पडला, अंजीर उन्हाच्या तडाख्यात सापडलं, पाट्या पुण्याच्या बाजाराला पोचेपर्यंत निम्मी फळं आंबलेली. वर्षाचं नुकसान घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. तो प्रचारक पुन्हा गावात आला नाही. माझी तक्रार भाकिताबद्दल कमी आणि याबद्दल जास्त आहे. चुकलं तर परत यावं, ओसरीवर बसावं, चहा घ्यावा आणि चुकलं म्हणावं. व्हिझनंटने पुढच्या वर्षासाठी नवी पुस्तिका काढली. म्हणे इसवी सनात शून्य वर्ष नसतं, म्हणून हिशोबात एक वर्ष घसरलं.

हीच शून्याची ठेच दीडशे वर्षं आधी विल्यम मिलरच्या लोकांना लागली होती. मिलर न्यूयॉर्क राज्यातला बाप्तिस्त शेतकरी. दानीएलाचे २३०० दिवस म्हणजे वर्षं धरायची, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजायची, की येतं १८४३. शून्य वर्ष नाही म्हणून १८४४. शेवटी दिवस ठरला २२ ऑक्टोबर १८४४. कित्येकांनी पिकं शेतात तशीच सोडली. त्यांच्यातल्या एकाने बटाटे काढलेच नाहीत. त्या साली इतरांचे काढलेले बटाटे कुजले आणि याचे जमिनीत राहून वाचले, अशी एक गोष्ट अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक सांगतात. आमच्या अंजिरांना अशी गोष्ट लाभली नाही. त्या दिवसाला इंग्रजीत ‘महानिराशा’ अशा अर्थाचं नाव पडलं, आणि तिच्यातून सावरलेल्यांतल्या काहींनी पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी केली. पुण्यात सॅलिसबरी पार्कात आणि औंधला स्पायसर विद्यापीठात दिसते ती हीच. तारीख चुकली, पण माणसं शनिवारी उपासनेला जमत राहिली.

बाकी, सगळे ख्रिस्ती असं मोजत बसतात हा समज काढून टाका. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं अक्षरशः घ्यायची नाहीत, तो मंडळीचाच काळ, असं बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकात मांडलं आणि मोठ्या जुन्या मंडळ्या बहुतेक त्याच वाटेने गेल्या. ‘ही पिढी’ म्हणजे येशूसमोर उभी असलेलीच. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम पाडलं तेव्हा ते वचन पुरं झालं, असंही कित्येक अभ्यासक मानतात. मंडळी गुपचूप आधी उचलली जाणार ही शिकवण ठळक झाली ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून, आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी ती घरोघरी नेली. आमच्या काकांना डार्बी ठाऊक नव्हता. त्यांना वाटायचं, हे सरळ बायबलात आहे.

मी स्वतः वाट पाहणाऱ्यांतला आहे. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे दर रविवारी उभं राहून म्हणतो आणि मनापासून म्हणतो. मोजणं मात्र मला जमत नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं बायबल माझ्याकडे आहे. मत्तय चोवीसच्या समासात पेन्सिलीने १९४८ + ४० = १९८८ लिहिलंय आणि त्यावर आडवी रेघ मारलीय. काकांनी विषय सोडला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या सप्टेंबरच्या सकाळी व्हिडिओ बंद करून मी ते पान पुन्हा उघडलं, तर खाली निळ्या शाईत, म्हातारपणीच्या थरथरत्या अक्षरात आणखी दोन ओळी. ‘स्तोत्र ९०:१०’, म्हणजे माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, बळ असलं तर ऐंशी, हे वचन, आणि १९४८ + ७०. तीही खोडलेली. त्याखाली + ८० = २०२८, पुढे प्रश्नचिन्ह.

ती ओळ खोडायला काका उरले नाहीत. मी पेन्सिल हातात घेतली होती, पण परत ठेवली.