तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल बदलायला सहा महिने कशाला?

चाकण-भोसरीकडच्या कारखानदारांचा मला ठरलेला प्रश्न असतो: "ईडीआयच्या जुन्या फायली जेसनमध्ये न्यायच्या, त्याला सहा महिने कशाला? कन्व्हर्टर बसवा की!" ईडीआय म्हणजे कंपन्यांच्या संगणकांनी ऑर्डरी, बिलं ठरलेल्या साच्यात एकमेकांना पाठवायची पद्धत; जेसन हा माहिती लिहायचा नवा, नावानिशी वाचता येणारा साचा. विचारलंत म्हणून सांगते.

कन्व्हर्टर आठवड्याभरात होतो. एडिफॅक्ट हा ईडीआयचा जुना साचा; त्याची फाइल बघायला किचकट, पण नियम मोजके. अधिक चिन्ह आलं की पुढचा रकाना, एकेरी अवतरणचिन्ह आलं की ओळ संपली. पाठवलेल्या अक्षरांवर बिल लागायचं, त्या काळाची ही काटकसर आहे. म्हणून शब्दांऐवजी कोड. आणि कोडामागे काय ठरलंय, हे शोधण्यात महिने जातात.

भोसरीतल्या एका कारखान्याचं उदाहरण देते. त्यांचं गिऱ्हाईक जर्मनीत. मागणीचं वेळापत्रक डेलफॉर नावाच्या संदेशातून यायचं. त्यात एक ओळ होती: क्यूटीवाय+७०:४२०००. क्यूटीवाय म्हणजे नग, ७० म्हणजे आजवर गिऱ्हाइकाला पोचलेला एकूण माल. पुढे मागणी होती ५०,०००, तीही एकूणच. आम्ही दोन्ही आकडे जेसनमध्ये बिनचूक उतरवले, वजाबाकी केली आणि नव्या सिस्टिमने ८,००० नगांची ऑर्डर काढली.

डिस्पॅचमध्ये बावीस वर्षं काढलेले काका शेजारी उभे होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मॅडम, सहा हजार बोटीवर आहेत की!"

खरंच होते. न्हावाशेव्याहून निघालेला कंटेनर अजून समुद्रात होता. पाठवायचे होते फक्त २,०००. जुनी सिस्टिम वाटेतला माल गुपचूप वजा करत होती. तो हिशेब कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिला होता, त्याचा कागद कुठेच नव्हता. टेस्टिंग चालू होतं म्हणून निभावलं, नाहीतर सहा हजार नग जास्तीचे बनले असते. चूक माझी होती. मी आकडा वाचला, करार वाचला नाही.

अशा गोष्टी खूप असतात. पार्ट नंबर ००४५१ असेल आणि जेसनमध्ये तो संख्या म्हणून गेला, तर सुरुवातीची शून्यं गळतात आणि गिऱ्हाइकाला तो पार्ट सापडत नाही. एकूण मालाचा आकडा वर्षातून एकदा शून्यावर येतो, पण कोणत्या तारखेला, ते गिऱ्हाइकागणिक वेगळं.

यावर लोक म्हणतात, जीएसटीचं ई-इन्व्हॉइस तर पटकन झालं, तेही जेसनच. बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून ते सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांनाही लागू झालं. पण तिथे साऱ्या देशाला एकच साचा आहे, रकान्यांचे अर्थ सरकारने ठरवून दिलेत. इथे प्रत्येक गिऱ्हाइकाची पुस्तिका वेगळी, शिवाय फोनवर ठरलेल्या आणि पुस्तिकेत कधीच न आलेल्या गोष्टी वेगळ्या.

म्हणून माझा आग्रह असतो: जुनं लगेच बंद करू नका. दोन्ही निदान महिनाभर शेजारी-शेजारी चालवा, आणि तो शून्याचा दिवस त्यात येऊ द्या. पहिल्या मीटिंगला आयटीवाल्यांच्या बरोबरीने डिस्पॅचचा माणूस बसवा.

त्या काकांकडे एक लांबट वही होती. कंटेनर नंबर, निघाल्याची तारीख, नग. नव्या सिस्टिममधला 'वाटेतला माल' हा रकाना आम्ही त्या वहीवरून बनवला.