भुताचे पाय उलटे

पुण्यातल्या घरात रद्दी ही हिशेबातली वस्तू असते. ती तारीखवार रचली जाते, सुतळीने बांधली जाते, आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते तेव्हा घरातलं एक माणूस काट्याकडे आणि दुसरं त्याच्या हाताकडे बघत असतं. म्हणून ऑक्टोबरात आमच्या सोसायटीतली मुलं "भुतांसाठी पेपर द्या" म्हणत दारोदार फिरतात, तेव्हा 'भुतं कशाला?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'किती किलो?' हा पुढे येतो.

३१ ऑक्टोबरला भुतांची सोंगं घेऊन साजरा होणारा बाहेरचा सण हॅलोविन ही आपली संस्कृती आहे का, यावर सोसायटीच्या ग्रुपवर दर वर्षी वाद होतो. तो दोन दिवस चालतो आणि मग वाद घालणारेच भुतांच्या सांगाड्यासाठी तारेचे जुने हँगर आणून देतात. ज्या गावाने आपल्या सगळ्यात उंच टेकडीला वेताळाचं नाव दिलं आणि जे गाव रोज पहाटे बूट घालून त्याच्या देवळापर्यंत चालून येतं, त्याने बाहेरच्या भुतांशी फार तुसडेपणाने वागू नये, एवढंच माझं मत. मला रस आहे तो भुतं बनतात कशी, यात.

सुरुवात कागद फाडण्यापासून. रविवारच्या गुळगुळीत, चकचकीत पुरवण्या बाद. त्या पाणी पीत नाहीत. रोजच्या पेपराचा खरखरीत, स्वस्त कागद उत्तम. तो कात्रीने कापायचा नाही, हातानेच फाडायचा. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे सुटतात आणि शेजारच्या पट्टीत मिसळून जातात. कापलेली कड मात्र रंगाचे दोन हात दिले तरी वर दिसत राहते. शिवाय पेपर एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण कारखान्यात कागद तयार होतानाच त्याचे तंतू एका अंगाला झोपलेले असतात. हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. दहा पट्ट्या फाडल्या की बोटांना कळतं.

मग खळ. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, एकूण पाचेक वाट्या पाणी होईल अशा बेताने उकळत्या पाण्यात सोडायचा आणि पिठलं ढवळावं तसा हात न थांबवता ढवळायचा. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालत, म्हणजे वाळवी आणि कसर लागत नसे. पण मोरचूद विषारी, मुलांच्या हातात द्यायची वस्तूच नव्हे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी यावर तोडगा काढला. त्यांच्या माहेरी बायका रद्दी आणि मेथ्या भिजवून पाट्यावर वाटत आणि त्या लगद्याने बांबूच्या जुन्या टोपल्या लिंपून काढत. मेथीला भिजल्यावर बुळबुळीत चीक सुटतो, तो कागद धरून ठेवतो, आणि कडूपणामुळे किड्यांनाही ती नकोशी होते. आता आमच्या भुतांमध्ये मेथ्या असतात. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये भुतांऐवजी डिंकाच्या लाडवांची तयारी चालल्याचा वास येतो.

आकारासाठी फुगा. त्याला पहिल्याच दिवशी भर उन्हात ठेवायचं नाही. आतली हवा तापून तो फुटतो, किंवा संध्याकाळी गार होऊन आक्रसतो आणि ओला कागद आत ओढून घेतो. पहिला दिवस सावलीत, पुढे ऊन. आणि एका वेळी तीन-चार थरांच्या वर जायचं नाही, नाहीतर बाहेरून खडखडीत दिसणारं डोकं आतून ओलंच राहतं आणि बुरशी धरतं. या बाबतीत ऑक्टोबरातलं पुणं भुतांना फारच सोयीचं. पाऊस परतलेला असतो, हवा कोरडी, दुपारचं ऊन चटके देणारं. हेच काम ऑगस्टात काढलं असतं तर नुसत्या बुरशीनेच भीतीचं काम परस्पर भागवलं असतं.

थर मोजायची एक युक्ती मला फार आवडते. एक थर साध्या पेपराचा, पुढचा गुलाबी कागदाच्या अर्थविषयक पेपराचा. गुलाबी दिसेनासा झाला की तो थर पुरा झाला. त्यामुळे रंग लागेपर्यंत प्रत्येक कवटीच्या कपाळावर काहीतरी वाचायला मिळतं. एकीच्या भुवईवर 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' होतं, दुसरीच्या गालावर सेन्सेक्सची घसरगुंडी. खरं सांगायचं तर त्या अवस्थेत ती जास्त भयानक दिसतात.

कारण खरी अडचण रंग लागल्यावर सुरू होते. आमची भुतं गोड दिसतात.

यात मुलांचा दोष नाही. याच पार्किंगमध्ये महिना-दीड महिना आधी याच मुलांनी शाडूचे गणपती केलेले असतात. गाल गोल हवेत, डोळे दोन्ही सारखे, सोंडेवर बोटाचा ठसा राहता कामा नये, ओल्या हाताने फिरवून फिरवून गुळगुळीत करायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. तोच हात कवटीवर फिरतो. बघता बघता कवटीला गाल येतात, जबड्यावर मंद हसू येतं आणि एकवीस मोदक खाऊन पान जमवत बसलेला सात्त्विक गृहस्थ तयार होतो. राक्षस केला तर त्याला पोट सुटतं. चेटकिणीच्या नाकावरचा मस इतका नेमका मधोमध बसतो की तो तीट वाटावा.

भीतीदायक करायचं म्हणजे बिघडवायला शिकायचं, आणि ते सुबक करण्याहून अवघड. आमच्याकडे कलाशिक्षक असलेले एक काका आहेत, ते हे शिकवतात. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. खोबणी आत खोल दाबायची आणि आतून बिनचकाकीचा काळा लावायचा, कारण चकाकता काळा प्रकाश परत फेकतो आणि खोली मरते. वाळलेल्या चेहऱ्यावर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर चुरगाळून चिकटवायचा, सुरकुत्या सरळ करायच्या नाहीत. कुजलेली कातडी आयती मिळते. पातळ काळा रंग सगळीकडे फासून लगेच फडक्याने पुसायचा, म्हणजे तो फक्त खाचांत उरतो. ममीसाठी जुना पंचा चहाच्या चोथ्यात उकळायचा. आणि दिवा ठेवायचा तो खाली. आयुष्यभर आपण माणसांचे चेहरे वरून पडलेल्या उजेडात पाहिलेले असतात. उजेड हनुवटीखालून आला की सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचा चेहरासुद्धा अनोळखी होतो. दिवा म्हणजे अर्थात एलईडीची माळ. कागदाच्या भुतात मेणबत्ती ठेवली तर भूत आणि पार्किंग दोन्ही जायचं.

हे सगळं ऐकून घेऊनही पाचवीतली एक मुलगी हळूच टिश्यूच्या सुरकुत्या सरळ करताना दिसतेच.

भोपळ्याचं प्रकरण त्या मानाने सोपं. मूळचा हा कंदील भोपळ्याचा नव्हेच. आयर्लंड-स्कॉटलंडकडे लोक सलगमासारखे कंद कोरत, आणि तिकडची माणसं अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. मंडईत आपण लाल भोपळा फोडीने घेतो. अख्खा भोपळा आणून, त्यातला गर खरवडून, नाक-डोळे कोरून तो चार दिवसांत सडू द्यायचा ही कल्पना घारगे करणाऱ्या माणसाला सहन होण्यासारखी नाही. म्हणून आमचे भोपळे कागदाचे. फुग्याला आडव्या-उभ्या सुतळ्या आवळून बांधल्या की मधे फुगवटे येतात, त्यावर कागद चढवला की भोपळ्याच्या फाका तयार. देठाला काथ्या. मुलांना विचारलं की आत काय आहे, तर हमखास उत्तर येतं, म्हातारी. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक.

राक्षस घडवणं या शहराला तसं नवं नाही. १८९२ साली भाऊसाहेब रंगारींनी बसवलेला गणपती राक्षसाचा वध करणारा आहे, लाकूड आणि भुशाचा, आणि ती मूर्ती आजही आहे. गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांत तर आपण पिढ्यानपिढ्या असुर उठवले आणि बसवले. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली कागद-गवताचे नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा उत्सवात कागदाच्या लगद्याचे मुखवटे नाचतात. आपल्याकडचा राक्षस बहुधा कुणाच्या तरी पायाखाली किंवा समोर असतो. त्याला मारणारा देव शेजारी हजर असतो. हॅलोविनचं भूत बिचारं एकटंच उभं. त्याला स्वतःच्या बळावर घाबरवावं लागतं.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे उटणं लावून, कारेटं पायाखाली फोडून नरकासुराचा निकाल लावलेली मुलं संध्याकाळी भुतं होऊन दारात उभी. एका हातात सांगाड्याचा मुखवटा, वर आकाशकंदील, खाली रांगोळी. घरोघरी चॉकलेटं आणून ठेवली होती, पण सगळ्यांकडे फराळ ताजा. तिसऱ्या घरानंतर भुतं चॉकलेट परत करून चकली मागायला लागली.

आणि तरी त्या संध्याकाळीसुद्धा कुणी घाबरलं नव्हतं. घाबरवलं ते पुढच्या वर्षीच्या एका भुताने, आणि त्याचं श्रेय परत आजींचं. २०२५ मध्ये दिवाळी आधीच उरकली होती, त्यामुळे मोडक्या आकाशकंदिलांच्या कामट्या सांगाड्याला मिळाल्या. मुलांनी चेटकीण करायला घेतली होती. टोपी, झाडू, सगळं इंटरनेटवरून. आजी खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगो, ही कुठली बाई? हडळ करा की. टोपी काढा तिची." टोपी गेली. तुळशीबागेतून गंगावण आलं. आजींनी स्वतःची विटलेली नऊवारी दिली. चेहरा करायचाच नाही, केस पुढे सोडायचे, असं ठरलं. "आणि पाय?" मुलांनी विचारलं. आजी म्हणाल्या, "पाय उलटे हो. टाचा पुढे."

एका मुलाच्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, त्यावर कागद चढवून साचा घेतला, वाळल्यावर मागून चिरून पाय सोडवला आणि चीर पट्ट्यांनी सांधली. दोन साधे, सुबक, गुळगुळीत पाय. बोटं नीट, नखंसुद्धा नीट. गणपती करणाऱ्या हातांचंच काम. जिन्याच्या वळणावर नऊवारीच्या काठाखाली ते टाचा पुढे करून ठेवले. बिघडवायला काही लागलंच नाही, फक्त फिरवायचं होतं. त्या रात्री वरच्या मजल्यावरची मोठी माणसं लिफ्टची वाट बघत खोळंबली होती, आणि विचारलं की गुडघेदुखीचं कारण सांगत होती.

आता प्रश्न साठवणीचा. खळीवर झुरळं येतात, कसर लागते, म्हणून सगळं साफ वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून खोक्यात ठेवावं लागतं. जागा एकच, गणपतीच्या मखराची खोली. सेक्रेटरींनी दोन बैठका घेतल्या, मखर वरच्या फळीवर आणि भुतं खालच्या, असा ठराव केला आणि खोक्यावर स्वहस्ते लिहिलं: 'भुते (कागदी). नग ७. हडळीचे पाय मुद्दाम उलटे आहेत, कृपया सरळ करू नयेत.'