कॅथोडवर सिझियम चढवताना: माझा अनुभव

खानापूर-निपाणीकडची एमएस्सीची मुलं भेटली की आमच्या इलेक्ट्रॉन गनच्या कॅथोडबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: पोलरायझेशन, म्हणजे बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचा (अंगच्या फिरकीचा) एका दिशेकडचा कल, किती टक्के? इथं कॅथोड म्हणजे लेसर पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा अर्धवाहक स्फटिक. साध्या गॅलियम आर्सेनाइडवर ७८० नॅनोमीटरचा वर्तुळाकार ध्रुवित लेसर टाकला तर सिद्धांतानं ५०, हाती ३५च्या आसपास. आर्सेनाइड आणि आर्सेनाइड-फॉस्फाइडचे पातळ थर आलटून-पालटून चढवलेला स्फटिक घेतला तर ८५च्या घरात. थरांतल्या ताणामुळं जड आणि हलक्या होलच्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांच्या) ऊर्जेच्या पातळ्या फाकतात, मग लेसर एकाच पातळीतून इलेक्ट्रॉन उचलतो. पण हे सगळं स्फटिक बनवणाऱ्याचं श्रेय. आपला घाम निघतो तो इलेक्ट्रॉन स्फटिकाबाहेर काढताना, आणि त्यासाठीच त्यावर सिझियम धातूचा अतिपातळ थर चढवायचा.

आधी व्हॅक्यूम. उद्यमबागेतल्या लेथवाल्याला फ्लँजची (चेंबरच्या जोडावरच्या चकतीची) धार जपायला शिकवावं लागत नाही, पण उघड्या हाताचा ठसाही चालत नाही म्हटलं की तो हसतो. चेंबर २५० अंशांवर तीसेक तास भाजायचं आणि दाब १० चा उणे ११ वा घात टॉर (दाबाचं एकक) किंवा त्याखाली न्यायचा. चेंबर उघडायचंच झालं तर आत कोरडा नायट्रोजन सोडूनच. जुलैत बेळगावच्या भिंतींना जसा पाझर फुटतो, तसं आतल्या पोलादाला पाणी चिकटतं आणि सुटता सुटत नाही.

मग स्फटिक साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून ऑक्साइड घालवायचा. फार तापवलं तर आर्सेनिक उडून पृष्ठभाग खडबडीत होतो. तापवल्यावर तो पूर्ण निवू द्या. गरम स्फटिकावर सिझियम टिकत नाही. इथं घाई केलेला कॅथोड मी कधी चांगला निघालेला पाहिला नाही.

स्फटिकाला ऋण बायस (व्होल्टेज) देऊन, मंद प्रकाश टाकून फोटोकरंटवर, म्हणजे प्रकाशानं निघणाऱ्या विद्युतप्रवाहावर, नजर ठेवायची. सिझियम सुरू केलं की करंट चढतो, शिखर गाठतो, उतरू लागतो. निम्म्यावर आला की सिझियम बंद, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड वायू थोडासा सोडायचा. करंट आधीच्या शिखराच्याही वर जातो. तो स्थिरावला की पुन्हा सिझियम. शिखरं वाढायची थांबली की आपणही थांबायचं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत करंट हललाच नाही तर पृष्ठभाग नीट साफ झालेला नाही असं समजा आणि स्फटिक पुन्हा तापवा. नुसतं सिझियम ओतत बसू नका.

गन चालू झाली की शत्रू बदलतो. उरलेल्या वायूचे आयन उलटे येऊन कॅथोडवर आदळतात, आणि नुकसान लेसरच्या ठिपक्यापासून कॅथोडच्या मध्याकडं पट्ट्यासारखं पसरतं. म्हणून ठिपका मध्यावर कधीच ठेवत नाही. कॅथोडचं आयुष्यसुद्धा तासांपेक्षा कूलंबात, म्हणजे एकूण निघालेल्या विद्युतभारात, मोजलेलं बरं. नाहीतर मंद बीमवर महिनाभर जगलेला कॅथोड उगाच भारी वाटतो.

पोलरायझेशनची टक्केवारी तपासायची ती मॉट पोलरीमीटर या उपकरणावर. तिथं सोन्याच्या पत्र्यावरून डाव्या-उजव्या बाजूला विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतला फरक मोजतात. त्याआधी वीन फिल्टरनं (काटकोनातल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या उपकरणानं) स्पिन बीमला काटकोनात, उभा वळवून घ्या, नाहीतर फरक शून्य दिसेल आणि दोष बिचाऱ्या कॅथोडला लागेल.