अर्धा कॅटरपिलर आणि रुपयाचा रकाना : परदेशी शेअर्सची नोंदवही, जुलै 2025

मागच्या दिवाळीच्या आसपास परदेशी शेअर्सचं खातं उघडलं, त्यानंतरची ही दुसरी नोंद. पहिली ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी नागपूरचा, नोकरदार, भारतीय शेअर बाजारात बऱ्यापैकी मुरलेला आणि परदेशी बाजारात अगदी नवा. सध्या माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. बहुतेक पैसा एस अँड पी 500 (अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) च्या इंडेक्स ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता येणाऱ्या फंडात, आणि छंदाचा वाटा म्हणून कॅटरपिलर या खाणी-बांधकामाची यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा अर्धा शेअर. हो, अर्धा शेअर. अमेरिकेत शेअरचा तुकडाही घेता येतो, आणि शिकायला तुकडा पुरतो.

या तिमाहीत नवीन काहीच घेतलं नाही. तरी वहीची पानं भरली ती याच काळात, कारण आपला रुपया इथून निघून तिकडे शेअर कसा होतो आणि परत येताना त्याचा हिशोब कुठे कुठे द्यावा लागतो, हे पहिल्यांदा मुळापासून समजून घेतलं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. कंपनी निवडायला घाई नको, आधी पैशाची वाट दोन्ही बाजूंनी पायाखाली घालून घ्या.

पाठवण्यापासून सुरू करतो. रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम 2004 मध्ये आली तेव्हा वर्षाला 25,000 डॉलरची मुभा होती. आज एका आर्थिक वर्षात माणशी 2,50,000 डॉलर पाठवता येतात. आपल्यासारख्यांना ही मर्यादा आडवी येणार नाही. बँकेत ए2 फॉर्म भरायचा, त्यात शेअर्ससाठीचा पर्पज कोड एस0001 लिहायचा, पॅन लागतोच. या पैशातून मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, खेळायला परवानगी नाही. आणि डॉलर नुसते ब्रोकरकडे पाडून ठेवता येत नाहीत, 180 दिवसांत गुंतवायचे नाहीतर भारतात परत आणायचे. ही अट मला आवडते, त्यामुळे पैसे पाठवण्याआधीच काय घ्यायचं ते ठरवावं लागतं.

खर्चाकडे मात्र बारीक लक्ष द्या. बँकेची ठरावीक फी समजा हजार रुपये आहे. दहा हजार पाठवले तर शेअर घेण्याआधीच दहा टक्के गेले, लाख पाठवले तर एक टक्का. त्याशिवाय बँक जो डॉलरचा दर लावते तो मोबाइलवर दिसणाऱ्या दरापेक्षा वर असतो, आणि हा फरक कुठल्याही पावतीवर वेगळा लिहिलेला नसतो. रूपांतरावर जीएसटीही लागतो. लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का मूल्य धरून त्यावर 18 टक्के, म्हणजे पन्नास हजारांवर 90 रुपये. तो किरकोळ आहे, खरा खर्च दरातल्या फरकाचा. म्हणून मी वहीत पहिला रकाना केला तो ‘प्रत्यक्ष पडलेला दर’: खात्यातून गेलेले एकूण रुपये भागिले ब्रोकरकडे पोचलेले डॉलर. हा एकच आकडा सगळे खर्च पोटात घेऊन बसलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर याच आकड्याने करा, जाहिरातीतल्या ‘शून्य ब्रोकरेज’ने नको. दर महिन्याला थोडं थोडं पाठवण्याचा मोह या गणितापुढे टिकत नाही. साठवून मोठी रक्कम पाठवणं परवडतं.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराबद्दल, बरेच जण घाबरलेले असतात. वर्षभरात दहा लाखांपेक्षा जास्त पाठवलं तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस कापला जातो. ही मर्यादा आधी सात लाख होती, 1 एप्रिल 2025 पासून दहा झाली. हा वेगळा कर नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसा अडकतो.

आता दुसरा रकाना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: रुपया. समजा 100 डॉलरचा शेअर घेतला तेव्हा डॉलर 84 रुपयांना होता, आणि विकताना शेअर 100 डॉलरलाच, पण डॉलर 87. अमेरिकी माणसाच्या दृष्टीने काहीच झालं नाही. आपल्याला 300 रुपये नफा झाला, आणि आपलं आयकर खातं तो नफा रुपयांतच मोजणार. उलटही घडतं. फेब्रुवारीत डॉलर 87 च्या पुढे गेला होता आणि मेच्या सुरुवातीला 84 च्या आसपास खाली आला. त्या दिवसांत ब्रोकरच्या ॲपवर हिरवं दिसत होतं, आणि माझ्या रुपयाच्या रकान्यात वाढ त्या मानाने बरीच कमी होती. ॲप डॉलरची गोष्ट सांगतं. किराणा, शाळेची फी, घराचा हप्ता रुपयांत जातो. म्हणून वही रुपयांत.

एप्रिल तर सगळ्यांच्याच लक्षात असेल. ट्रम्प यांनी 2 तारखेला आयातशुल्कं जाहीर केली, 3 आणि 4 एप्रिल या दोन दिवसांत एस अँड पी 500 दहा टक्क्यांहून जास्त पडला, आणि 9 तारखेला एकाच दिवसात साडेनऊ टक्के वर गेला. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली की बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो, म्हणजे ऑफिसातून वर्धा रोडची गर्दी पार करून घरी पोचावं आणि पडझड सुरू व्हावी असा तो आठवडा होता. बंद होतो रात्री दीडला. हिवाळ्यात आठ ते अडीच. मी त्या आठवड्यात काही विकलं नाही, कारण इंडेक्समधला पैसा किमान दहा वर्षांसाठी आहे असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. जून संपेस्तोवर निर्देशांक नव्या उच्चांकाला पोचला. यावरून पुढच्या पडझडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. 2022 मध्ये नॅस्डॅक हा अमेरिकेचा दुसरा निर्देशांक वर्षभरात 33 टक्के पडला होता आणि सावरायला बराच वेळ लागला. त्यामुळे पडलेल्या बाजारात वर्ष-दोन वर्षं बसून राहण्याची तयारी असेल तेवढाच पैसा इथे लावा.

आता ज्यासाठी हा छंद आहे त्या भागाकडे येतो.

कंपनी निवडताना मी एकच पद्धत ठेवली: जिचं काम नागपुरात किंवा विदर्भात डोळ्यांनी बघता येतं, अशीच परदेशी कंपनी अभ्यासाला घ्यायची. यादी करायला बसलो तर वाटलं होतं त्यापेक्षा खूप लांबली. मिहान या विमानतळाजवळच्या प्रकल्पातलं विमान दुरुस्ती केंद्र बोइंगने उभारलं. तिथेच दसॉ एव्हिएशन या फ्रेंच विमान कंपनीचा संयुक्त प्रकल्प आहे, तिचा शेअर पॅरिसच्या बाजारात. आपल्या मेट्रोचे डबे सीआरआरसी या चिनी कंपनीचे, ती हाँगकाँग आणि शांघायला नोंदलेली. कापसाच्या बीटी बियाण्यामागचं तंत्रज्ञान मोन्सँटोचं, तिला 2018 मध्ये बायरने विकत घेतलं, आणि बायर फ्रँकफर्टला. आणि समृद्धी महामार्गाचं काम चालू असताना ज्यांनी रस्ता बघितला त्यांना पिवळी यंत्रं आठवत असतील. आपल्याकडे प्रत्येक खोदयंत्राला जेसीबीच म्हणतात, पण जेसीबीचा शेअर मिळत नाही, ती इंग्लंडमधली बामफर्ड कुटुंबाची खासगी कंपनी. कॅटरपिलरचा मिळतो.

कॅटरपिलरवर बोट ठेवायला आणखी एक कारण घरातच होतं. बाबा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) उमरेड कोळसा खाणीत वर्कशॉपला होते. मी कंपनीचा वार्षिक अहवाल, ज्याला तिकडे टेन-के म्हणतात, टॅबवर वाचत बसलो होतो. अमेरिकेच्या सेक या नियामकाच्या एडगर संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. बाबा शेजारी येऊन बसले.

“काहून रे, एवढं मोठं पुस्तक वाचून रायला?”

मी सांगितलं, डम्पर बनवणाऱ्या कंपनीचा हिशोब आहे, ती पैसा कशी कमावते ते बघतोय.

“त्याच्यात काय पाहाचं? डम्पर एकदा विकते रे. मंग फिल्टर, टायर, इंजिनचं ओव्हरहॉल, हे वर्षानुवर्षं चालूच रायते. खाणीत मशीन उभी रायली का साहेब लोकाची झोप उडते. पार्टचा भाव कोणी विचारत नाही.”

यानंतर मी तो अहवाल वेगळ्या नजरेने वाचला. 2024 ची एकूण विक्री आणि महसूल 64.8 अब्ज डॉलर, त्याआधीच्या वर्षी 67.1 अब्ज. म्हणजे विक्री घटली. पण सुटे भाग, देखभाल वगैरे सेवांचा महसूल वाढून 24 अब्जांवर गेला, आणि 2026 पर्यंत तो 28 अब्जांवर न्यायचं कंपनीचं जाहीर उद्दिष्ट होतं. नवीन यंत्रांची मागणी बांधकाम आणि खाणींच्या तेजीमंदीबरोबर वर-खाली होते, पण आधीच विकलेली यंत्रं काम करतच असतात आणि झिजतच असतात. बाबांनी वर्कशॉपमध्ये जे अनुभवलं ते अहवालात आकड्यांत सापडलं, त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो कुठल्याही परताव्याने झालेला नाही. दोघांनी मिळून जोखमींचा भागही वाचला. आयातशुल्क, कच्च्या मालाचे भाव, डीलरकडे साचलेला माल. एप्रिलमध्ये हा शेअर का पडला याचं उत्तर त्या पानांवर आधीच छापलेलं होतं.

मे महिन्यात पहिल्यांदा लाभांशाची नोंद वहीत नीट, शेवटपर्यंत केली. शेअरमागे 1.41 डॉलर, माझ्या अर्ध्या शेअरचे 71 सेंट. त्यातले 18 सेंट अमेरिकेने कापले, खात्यात आले 53. खातं उघडताना डब्ल्यू-8बीईएन फॉर्म भरलेला असला की भारत-अमेरिका कर करारानुसार 25 टक्के कापतात, नाहीतर 30. हा फॉर्म सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेरीपर्यंतच चालतो, तारीख लिहून ठेवा. आता या 71 सेंटचं आपल्याकडे काय? उत्पन्न पूर्ण 71 सेंटचंच दाखवायचं, हातात आलेल्या 53 चं नाही. रुपयांत बदलताना आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) घ्यायचा, म्हणजे इथे 30 एप्रिलचा. झाले साठेक रुपये. त्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर, आणि तिकडे कापलेल्या कराचं क्रेडिट मिळवायला वेगळा फॉर्म (2025 मध्ये तो फॉर्म 67 होता). साठ रुपयांसाठी एवढा खटाटोप मी मुद्दाम केला. रक्कम लहान असताना सगळी साखळी एकदा हाताखालून गेली, आता आकड्यापुढे शून्यं वाढली तरी कृती हीच राहणार.

विक्रीवरचा कर सोपा आहे. अमेरिका आपल्या भांडवली नफ्यावर कर घेत नाही. भारतात 24 महिन्यांनंतर विकलं तर 12.5 टक्के, त्याआधी विकलं तर स्लॅबप्रमाणे.

रिटर्नचा विषय निघालाच आहे, तेव्हा शेड्यूल एफएबद्दल, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याबद्दल, कळकळीने सांगतो. परदेशी शेअर एक रुपयाचा असला तरी आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 किंवा तुम्हाला लागू असेल तो पुढचा फॉर्म घ्यावा लागतो. शेड्यूल एफए आर्थिक वर्षाचं नसून कॅलेंडर वर्षाचं असतं. उदाहरणार्थ, 2025 मध्ये भरायच्या रिटर्नमध्ये 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2024 या काळात जे काही जवळ होतं ते द्यायचं: घेतानाची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, 31 डिसेंबरची किंमत, सगळं रुपयांत. काही विकलं नाही, लाभांश आला नाही, तरी द्यायचं. 2015 च्या काळा पैसा कायद्यात हे लपवल्याचा दंड दहा लाख रुपये आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण माहिती देण्याचं बंधन तसंच आहे. आयकर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे. तिच्यासमोरून जाताना मला आपला हिशोब चोख असल्याचं मनापासून समाधान वाटतं.

ज्यांना एवढं कागदकाम नको त्यांना भारतीय म्युच्युअल फंडांचा रस्ता आहे. रुपयांत गुंतवा, शेड्यूल एफए नाही. अडचण वेगळी आहे: सगळ्या फंडांना मिळून परदेशात सात अब्ज डॉलरचीच मर्यादा, त्यामुळे फेब्रुवारी 2022 पासून अनेक योजना कधी बंद, कधी मर्यादित सुरू असतात. आपल्या बाजारातले नॅस्डॅक ईटीएफ यामुळेच कधी कधी प्रत्यक्ष मूल्यापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने विकले जातात. घेण्याआधी एनएव्ही (हे प्रत्यक्ष मूल्य) आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघा.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकी शेअर्स धारण करणारा परदेशी माणूस वारला आणि तिथली मालमत्ता 60,000 डॉलरपेक्षा जास्त असली, तर वरच्या भागावर 40 टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. माझी रक्कम त्याच्या आसपासही नाही. पण दहा वर्षांचा विचार करणाऱ्याने लंडनला मिळणाऱ्या, आयर्लंडमध्ये नोंदलेल्या इंडेक्स ईटीएफचा अभ्यास आत्ताच सुरू करावा. त्यांना हा कर लागत नाही, आणि फंडाच्या पातळीवर लाभांशातून 15 टक्केच कापले जातात. बायकोला खात्याचा तपशील, ब्रोकरचा पत्ता आणि ही वही कुठल्या खणात असते ते दाखवून ठेवलं आहे.

पुढच्या तिमाहीचं ठरलंय. कॅटरपिलरचे पुढचे तिमाही निकाल येतील, त्यात सेवांबद्दल काय म्हणतात ते बाबांसोबत वाचायचं. जोडीला जपानच्या कोमात्सुचा इंग्रजी अहवाल उतरवून घेतलाय. तिचं वर्ष आपल्यासारखंच मार्चला संपतं, आणि उमरेडच्या वर्कशॉपमध्ये कोणाची यंत्रं जास्त दिवस उभी राहायची यावर बाबांची मतं पक्की आहेत.